न दुखणारा पाय : मधुमेहींच्या पायांविषयी वाचकांचे प्रश्न

मधुमेहींच्या पायांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्याला मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून उत्तर आले. बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने येते : ‘तसे दुखत काही नाही.’ या रुग्णांच्या पायांवर उपचार करताना मला ज्या वाक्याची सर्वांत अधिक धास्ती वाटते ते हेच आहे, म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली असून काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे यजमान 58 वर्षांचे असून त्यांना 14 वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात कामावरून आल्यावर त्यांनी चप्पल काढली, तेव्हा लादीवर रक्ताचे ठसे उमटले. पाहिले तर चपलेच्या तळातून एक खिळा आरपार आला होता आणि तो टोचत असताना ते भायखळ्याहून घरापर्यंत चालत आले होते. मी जखमेत हळद भरली. आता वरून ती बुजली आहे, मात्र त्या जागी थोडी सूज आणि लाली दिसते. ते म्हणतात, ‘दुखत नाही, मग डॉक्टर कशाला?’ त्यांना काय सांगावे? – लालबाग

उत्तर : आपले पत्र हाती पडताच संपादकांमार्फत आपल्याला निरोप दिला होता, तोच येथे इतर वाचकांसाठी लिहितो. ही जखम डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवली पाहिजे. खिळ्याची जखम तोंडाशी लहान आणि आत खोल असते, त्यामुळे वरची त्वचा जुळून आली तरी आत गेलेले जंतू कोंडले जातात आणि तळव्याच्या पडद्यांमधून हाडापर्यंत पोचू शकतात. वरची सूज आणि लाली ही आतल्या पुवाची खूण असू शकते. धनुर्वाताचे इंजेक्शन, आत काही राहिले आहे का हे पाहण्यासाठी एक्स-रे, गरज भासल्यास जखम उघडून स्वच्छ करणे आणि योग्य प्रतिजैविक, एवढे उपचार वेळेवर झाले तर असा पाय सहसा वाचतो. हळद भरल्याबद्दल आपल्याला दोष देत नाही, कारण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेच होत आले आहे; परंतु हळद, तंबाखू, चुना किंवा टूथपेस्ट जखमेत भरली की आतले काही दिसत नाही आणि खोल जखमेतील पुवाची वाटही बंद होते. घरी करायचे ते इतकेच : वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, कोरड्या निर्जंतुक कापडाने झाकावी, त्या पायावर भार देणे थांबवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो सर्वस्वी प्रामाणिक आहे. त्यांना खरोखरच दुखत नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू आधी निकामी होऊ लागतात, आणि सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे असतात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर चढत जातो. काहींना आधी मुंग्या येतात, काहींच्या तळव्यांची आग होते. पण अनेकांना काहीही न कळता संवेदना निघून जाते. त्याचबरोबर पायाच्या लहान स्नायूंना हुकूम देणारे तंतू दुबळे झाल्याने बोटे हुकासारखी वाकतात आणि चवड्याच्या हाडांवर भार वाढतो. घाम आणणारे तंतूही मंदावतात, त्यामुळे त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा जातात. अशा पायाला ठेच लागली, चप्पल चावली किंवा खिळा टोचला तरी मेंदूला वर्दी पोचत नाही, आणि माणूस त्याच जखमेवर पुन्हा पुन्हा पाऊल टाकत राहतो.

या गोष्टीचा उलगडा होण्यास आपल्या देशातील एका रुग्णालयाचा मोठा हातभार लागला आहे. 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करत. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. वेदना नसल्यामुळे होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या रोजच्या इजांनी बोटे जातात, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत काम करताना तेच तत्त्व त्यांनी मधुमेहींच्या पायांना लावले. वेदना हा पायाचा पहारेकरी आहे. तो गेला असेल तर त्याचे काम डोळ्यांनी आणि हातांनी करावे लागते, हे यजमानांना आपण याच शब्दांत सांगावे.

त्यांचा विश्वास बसावा म्हणून आज रात्री घरीच एक तपासणी करता येईल. ती इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी सुचवली असून तिला कोणतेही साधन लागत नाही. यजमानांना डोळे मिटून पडू द्यावे आणि आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एकेक करून टोकाशी हलकेच स्पर्श करावा. स्पर्श एक-दोन सेकंदांचाच असावा. दाबू नये, टोचू नये, चोळू नये. स्पर्श कळताच त्यांनी कोणत्या पायाला झाला ते सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. डॉक्टर ‘मोनोफिलामेंट’ नावाचा नायलॉनचा धागा वापरतात. त्वचेवर टेकवल्यावर तो 10 ग्रॅम भाराला वाकतो, आणि तो वाकेपर्यंत टेकवूनही ज्याला कळत नाही त्याच्या पायाचे संरक्षण गेलेले असते. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. ज्यांच्या पायांत काहीही दोष नाही अशा मधुमेहींनीही ती वर्षातून एकदा करून घ्यावी. संवेदना गेलेल्यांनी सहा ते बारा महिन्यांनी, आणि ज्यांना पूर्वी जखम झाली आहे किंवा ज्यांचे बोट काढावे लागले आहे त्यांनी एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावेत.

बाकी रोजचे काम आपल्या दोघांचे आहे. रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे, टाचा आणि प्रत्येक बोटाची फट पाहावी. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी जमिनीवर आरसा ठेवावा, आणि ज्यांची नजर अधू आहे त्यांचे पाय घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावेत. चप्पल किंवा बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. लहान खडा, शिवणीची गाठ, नातवाच्या खेळण्याचा तुकडा, असे काय काय मला रुग्णांच्या बुटांत सापडले आहे. आपल्या यजमानांनी चपलेचा तळ आदल्या रात्री हाताने चाचपला असता, तर बहुधा हे पत्र लिहावे लागले नसते.

प्रश्न : मी 46 वर्षांचा असून कुर्ल्याहून फोर्टला नोकरीसाठी जातो. मधुमेहाला नऊ वर्षे झाली. पावसाळ्यात दर वर्षी दोन-तीनदा गुडघाभर पाण्यातून चालावे लागते आणि नंतर दिवसभर ओल्या बुटांत बसावे लागते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. पावडर लावून भागेल का? – कुर्ला

उत्तर : केवळ पावडरीने भागणार नाही, आणि चिखल्यांना किरकोळ समजण्याची चूक तर मधुमेही माणसाने कधीच करू नये. ओलसर बेचक्यात बुरशी वाढते, बुरशीने कातडीला चीर पडते आणि त्या चिरेतून जंतू आत शिरतात. पावसाळ्यात पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजलेले आणि ताप भरलेले जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांतील अनेकांच्या त्रासाचे मूळ करंगळीशेजारच्या बेचक्यात असते. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम ठरलेले सर्व दिवस लावावे आणि कातडी बरी दिसू लागली म्हणून ते मध्येच सोडू नये. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन टाचांना आणि तळव्यांना अवश्य लावावे, परंतु बेचक्यांत लावू नये. तेथे ओल टिकता कामा नये.

कचेरीत एक टॉवेल, सुती मोज्यांचे दोन जोड आणि एक कोरडे पादत्राण कायमचे ठेवावे, असे मी लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो. पोचल्यावर पाय साबणाने धुऊन, बेचके टिपून कोरडे करून, मोजे बदलायला दहा मिनिटेही लागत नाहीत. ओले बूट कागद भरून पंख्याखाली ठेवावेत आणि पूर्ण सुकेपर्यंत घालू नयेत, म्हणजे पावसाळ्यात निदान दोन जोड हवेत. पाण्यातून चालण्यासाठी मात्र मागे पट्टा असलेले आणि पुढून बंद असलेले रबरी पादत्राण घ्यावे. साध्या स्लिपर पाण्याच्या ओढीत निसटतात, आणि त्या वाहून गेल्यावर माणूस अनवाणीच पुढे जातो; पाण्याखाली काच आहे, सळई आहे की उघडे गटार, हे कोणाला दिसत नाही.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात जातात. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर या आजाराने मुंबईत अनेकांचे प्राण घेतले. ज्याच्या पायाला चिखल्यांमुळे चिरा पडल्या आहेत आणि ज्याला त्या जाणवतही नाहीत, त्याने या बाबतीत अधिक सावध राहावे. पाण्यातून चालावे लागले तर 24 ते 72 तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही हे विचारावे. महापालिकाही दर पावसाळ्यात असेच आवाहन करते. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

प्रश्न : आमच्या चाळीत उंदरांचा उपद्रव फार आहे. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी वडिलांच्या अंथरुणावर रक्त दिसले आणि त्यांच्या अंगठ्याचे कातडे कुरतडलेले आढळले. त्यांना रात्री काहीच कळले नाही. असे खरोखर होऊ शकते का? शेजारी हसतात. – चिंचपोकळी

उत्तर : यात हसण्यासारखे काही नाही. बधिर पायाला उंदीर चावल्याचे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. वर ज्यांचा उल्लेख केला त्या डॉ. ब्रँड यांच्या रुग्णांचीही बोटे रात्रीतून जखमी होत. कारण कळेना, तेव्हा रात्रभर पाळत ठेवली आणि उंदीर पकडला गेला. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची पद्धत तेथे पडली. वडिलांचा अंगठा अजून दाखवला नसेल तर आजच दाखवावा. चावा कळताच जखम साबण आणि पाण्याने भरपूर धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन व प्रतिजैविक यांसाठी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या लसीची गरज आहे का, हेही तेच ठरवतील. यापुढे वडिलांनी शक्यतो जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे आणि झोपताना पाय धुऊन सैल सुती मोजे घालावेत, म्हणजे पायाला अन्नाचा वास राहणार नाही. वडिलांची संवेदना गेली आहे हे उंदराने दाखवून दिले, आता ती डॉक्टरांकडून मोजून घ्यावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या असून गेली वीस वर्षे नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहतात. पाच वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. गेल्या वर्षी सप्तमीला दुपारी देवळातून आल्यावर त्यांच्या तळव्याला मोठा फोड आला होता आणि तो भरायला दोन महिने लागले. या वर्षी त्यांना थांबवायचे तर त्या दुखावतील. काय करावे? – गिरगाव

उत्तर : आपली काळजी आणि त्यांच्या मनाची कदर, दोन्ही पत्रातून दिसतात. नवरात्र बहुधा मुंबईच्या ऑक्टोबरच्या उन्हात येते. त्या वेळी दुपारचे डांबर आणि देवळाच्या अंगणातली फरशी इतकी तापते की संवेदना शाबूत असलेला माणूस टाचा उचलून पळतो. ज्याला चटका जाणवत नाही तो शांतपणे चालत राहतो आणि घरी आल्यावर फोड दिसतो. गेल्या वर्षीचा फोड हा भाजल्याचाच असणार, आणि तो भरायला दोन महिने लागले याचा अर्थ त्यांच्या पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही या वर्षी घटस्थापनेपूर्वी तपासायला हवेत.

मी स्वतः अशा रुग्णांना ‘हे बंद करा’ असे एकदम सांगत नाही. वीस वर्षांचा नेम असा एका वाक्यात मोडत नाही, आणि मोडायला लावला तर माणूस डॉक्टरांपासून लपवून तो पाळतो. त्यांना मोनोफिलामेंटची तपासणी आपल्यासमोर करून दाखवावी. आपल्याला कळत नाही हे स्वतः पाहिल्यावर बहुतेक जण विचारात पडतात. नेमाचे स्वरूप बदलता येईल का, हे त्यांच्याच गुरुजींना विचारावे. चामड्याला हरकत असेल तर चामडे नसलेल्या रबरी तळाच्या सँडल मिळतात. देवळात जायचेच असेल तर सूर्योदयाच्या सुमारास जावे, उंबऱ्यापर्यंत सँडल घालावी आणि आत जाड सुती मोजे घालून चालावे. मात्र त्यांची संवेदना गेलेली निघाली, तर रस्त्यावर अनवाणी चालायला मी संमती देणार नाही, आणि हे त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणाऱ्या आणि गणेशोत्सवात तासन्‌तास रांगेत उभे राहणाऱ्या मधुमेहींनाही हेच लागू आहे.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारणे भाग आहे : सासूबाई नऊ दिवसांचा उपवासही करत असतील, तर गोळ्यांची किंवा इन्सुलिनची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. नेहमीची मात्रा घेऊन उपवास केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : तळव्याला कुरूप झाले आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टी लावू का, की फुटपाथवर कुरूप काढून देणाऱ्याकडे जाऊ? – भांडुप

उत्तर : दोन्ही करू नये. त्या पट्टीत आम्ल असते. ते कुरुपाबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही जाळते आणि बधिर पायाला ते कळत नाही. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने कापून घेणे त्याहून वाईट. कुरूप किंवा घट्टा ही कातडीने सततच्या दाबाला दिलेली प्रतिक्रिया असते. तो घट्टा स्वतःच बुटातल्या खड्यासारखा आत दाबू लागतो आणि त्याच्याखाली जखम तयार होते. घट्ट्याच्या मध्यभागी काळसर किंवा तांबडा ठिपका दिसत असेल, तर आत रक्त साकळले आहे असे समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. प्रशिक्षित हातांनी घट्टा तासून काढता येतो. मात्र दाब कमी करणारे पादत्राण घेतले नाही, तर तो पुन्हा येतो.

प्रश्न : रात्री तळव्यांची इतकी आग होते की झोप लागत नाही. आई काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासून देते, तेव्हा थोडे बरे वाटते. आता काशाच्या थाळीच्या मशीनवर मालिश करणारे केंद्र जवळच निघाले आहे. तेथे तळवे काळे होतात आणि ‘शरीरातील उष्णता बाहेर पडली’ असे सांगतात. जावे का? – डोंबिवलीहून रोज मुंबईत येणारी वाचक

उत्तर : आईच्या हातच्या हलक्या मालिशीला माझी हरकत नाही. कातडी अखंड असावी, हात हळू असावा आणि नंतर पाय धुऊन बेचके कोरडे करावेत. तळवे काळे होण्याचे कारण मात्र शरीरातील उष्णता हे नाही. काशातील तांब्याची तूप-तेलाशी आणि घामाशी प्रक्रिया होऊन तो काळा थर तयार होतो. मशीनच्या फिरत्या थाळीचा जोर आणि घर्षण आपल्याला कमी-जास्त करता येत नाही, आणि संवेदना कमी असेल तर कातडी सोलली गेल्याचे कळणार नाही, म्हणून तेथे जाऊ नये. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवणे, शेकाची पिशवी लावणे हेही टाळावे. पाय धुण्याचे पाणी कोमटच असावे आणि ते किती गरम आहे हे कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. आग होणारा पाय बधिर नसतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आग आणि बधिरपणा एकाच पायात नांदतात.

आपण मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी घेता का आणि किती वर्षे, ते पत्रात लिहिलेले नाही. हे चांगले औषध आहे, परंतु दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात जीवनसत्त्व बी-12 कमी होते. आहार शाकाहारी असेल तर ती शक्यता वाढते. बी-12 च्या अभावानेही हातापायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो. तो अभाव भरून काढता येतो, म्हणून ही रक्ततपासणी आधी करून घ्यावी. साखर ताब्यात आणणे हा मूळ उपाय. त्याबरोबर मज्जातंतूंच्या वेदनेसाठी प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. ती झोप येणारी असल्याने कमी मात्रेपासून सुरू करतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात; दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नयेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून माझे वय 62 आहे. मधुमेह 18 वर्षांपासून आहे. महिन्यापूर्वी रेल्वेच्या पुलावर पायरी चुकली. तेव्हापासून डावा पाय सुजलेला, लाल आणि गरम आहे. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नाही. एका डॉक्टरांनी मुरगळल्याचे सांगून पट्टी बांधली, दुसऱ्यांनी युरिक ॲसिड तपासले. तेही ठीक आहे. फारसे दुखत नसल्याने मी घरातली कामे आणि फेरफटका चालू ठेवला आहे. – मुलुंड

उत्तर : हे उत्तर वाचेपर्यंतही चालत राहू नये, म्हणून आपल्यालाही संपादकांमार्फत आधीच कळवले आहे. पत्रावरून निदान करता येत नाही. परंतु संवेदना गेलेल्या मधुमेही माणसाचा एक पाय अचानक सुजून, लाल होऊन गरम झाला आणि कोठेही जखम नसली, तर तो ‘शार्को पाय’ नाही हे सिद्ध होईपर्यंत तो शार्कोच आहे असे समजून उपचार करायचे असतात. फ्रान्सचे डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी मज्जातंतूंच्या विकारात सांधे असे निकामी होतात, याचे वर्णन 1868 साली केले. मधुमेहाशी त्याचा संबंध पुढे विसाव्या शतकात लक्षात आला. पायातील लहान हाडे आणि सांधे सुजेने मऊ होतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, आणि वेदना नसल्याने माणूस त्या मऊ हाडांवर चालत राहतो. काही आठवड्यांत हाडे मोडतात, पायाची कमान खचते, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो, आणि मग त्या फुगवट्यावर आयुष्यभर जखमा होत राहतात.

दोन्ही पायांची त्वचा डॉक्टरांकडून तापमापकाने मोजून घ्यावी. एकाच जागी दोन्ही पायांत 2 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक फरक असेल तर संशय बळावतो. एमआरआयमध्ये एक्स-रेच्या आधी बदल दिसतो. उपचार म्हणजे प्लास्टरसारखे, पायाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारे आवरण आणि त्या पायाला पूर्ण विश्रांती. यास आठवडे नव्हे, महिने लागतात, याची मनाची तयारी ठेवावी. सूज उतरली म्हणून स्वतःहून आवरण काढू नये; दोन्ही पायांचे तापमान सारखे झाल्यावर डॉक्टरच ते काढतील. आपण शिक्षिका होता, म्हणून एक विनंती करतो. ‘एक्स-रे चांगला आहे’ हे ऐकून निर्धास्त झालेले असे रुग्ण मला दर वर्षी भेटतात. ओळखीच्या मधुमेहींना हे आपण समजावून सांगावे.

प्रश्न : वडिलांच्या उजव्या पायाचे दुसरे बोट काळे पडले आहे. ताप नाही, पू नाही. एका रुग्णालयात गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असे सांगितले. वडील 71 वर्षांचे असून आयुष्यभर विडी ओढत आले आहेत. आम्ही घाबरलो आहोत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का? – गोरेगाव

उत्तर : घ्यावे, आणि ते याच एक-दोन दिवसांत घ्यावे. दुसरे मत घेणे आणि टाळाटाळ करणे यांत फरक आहे. ताप, थंडी, दुर्गंधी, पू किंवा लाली वर चढताना दिसली, तर दुसऱ्या मताची वाट न पाहता मध्यरात्रीही मोठ्या रुग्णालयात जावे, कारण पसरणारा जंतुसंसर्ग काही तासांत पाय आणि प्राण दोन्ही धोक्यात आणतो. त्या वेळी लगेच शस्त्रक्रिया करू पाहणारा डॉक्टर आपल्या हिताचेच करत असतो. पण बोट कोरडे काळे आहे आणि संसर्ग नाही, असे आपण लिहिता. अशा वेळी कोठून कापायचे याआधी रक्त कोठे अडले आहे, हा प्रश्न विचारायचा असतो.

पायाच्या धमन्या साखर, तंबाखू आणि वय यांमुळे अरुंद होतात. पोटरीत गोळे येणे ही त्याची खूण. पण मज्जातंतू बधिर असल्याने तीही मधुमेह्यांना अनेकदा जाणवत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. मधुमेहात धमन्यांच्या भिंती कॅल्शियमने टणक झालेल्या असतात, त्यामुळे ते गुणोत्तर फसवे, म्हणजे चांगले किंवा प्रमाणाबाहेर जास्त दिसू शकते. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब, डॉपलर (धमन्यांतील रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) आणि आवश्यक असेल तर अँजिओग्राफी झाली आहे का, हे विचारावे. रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाने पाय पाहिला आहे का, फुग्याने धमनी रुंद करणे किंवा बायपास करणे शक्य आहे का, आणि रक्तपुरवठा सुधारल्यावर केवळ बोट किंवा चवड्याचा काही भाग काढून भागेल का, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. काही रुग्णांत हे शक्य होते, काहींत होत नाही. गुडघ्याखालून शस्त्रक्रिया अटळच ठरली, तर हाजी अली येथील ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या केंद्र सरकारच्या संस्थेत कृत्रिम पाय आणि चालण्याचे प्रशिक्षण मिळते, हे वडिलांना आधीच सांगावे. पुन्हा चालता येईल हे कळले की अनेक रुग्णांना धीर येतो.

विडी आजच थांबली पाहिजे. धमनी रुंद केल्यानंतर विडी चालू राहिली तर धमनी पुन्हा बंद होण्याचा धोका वाढतो. आणि सगळ्यांचे लक्ष उजव्या पायाकडे असताना डाव्या पायाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. एका पायावर सारा भार आला की तोही लवकर जखमी होतो, म्हणून डॉपलरसाठी जाल तेव्हा दोन्ही पायांची तपासणी करा असे सांगा, आणि परत आल्यावर रात्री डाव्या पायाचा तळवा आपण स्वतः पाहा.